अंगठा उमटवण्यापूर्वी

‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा निबंध ज्याने लिहिला नाही असा विद्यार्थी महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. मी तो शाळेत तीन वेळा लिहिला. तिन्ही वेळा शेवट ठरलेला होता : विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे, सर्व काही वापरणाऱ्यावर अवलंबून आहे. बाईंनी तिन्ही वेळा चांगले गुण दिले. पण त्या वाक्यातला हा ‘वापरणारा’ कोण, हे मात्र कोणी विचारले नाही. तो नेहमी कोणीतरी दुसराच असतो.

आज मोबाईलवर रात्रंदिवस जे वाद चालतात, त्यांच्याविषयी बोलतानाही आपण त्याच निबंधाचा शेवट पुन्हा लिहीत असतो. प्राध्यापक मंडळी म्हणतात, मोबाईलने पिढी बिघडवली. कँटीनमधले आमचे मित्र म्हणतात, मोबाईल बिचारा काय करणार, राजकारण्यांनी बिघडवले. राजकारणी म्हणतात, आमचे काही नाही, लोकांच्या भावना उत्स्फूर्त होत्या. कंपनी म्हणते, आम्ही फक्त मध्यस्थ आहोत. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९ वे कलम तिला काही अटींवर तसे म्हणूही देते. उरला तो मजकूर पुढे पाठवणारा साधा माणूस. तो म्हणतो, मी कुठे लिहिले? मला जसे आले तसे मी पुढे पाठवले. अशा रीतीने जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहते आणि शेवटी कोणाच्याच हातात राहत नाही.

माझे म्हणणे अगदी साधे आहे. पुढे पाठवणारा हा निरोप्या नाही, तो प्रकाशक आहे. दहा जणांनी मिळून एक दगड फेकला तर प्रत्येकाच्या वाट्याला दगडाचा दहावा हिस्सा येत नाही. प्रत्येकाने दगड फेकलेलाच असतो. मजकुराचेही तसेच आहे. तंत्रज्ञानाचा दोष आहे, राजकारणाचाही आहे; पण त्या दोघांचा दोष मोजून झाला म्हणून माझा कमी होत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. मी हडपसरची आहे, आणि या प्रश्नाची किंमत हडपसरने मोजलेली आहे.

मे २०१४ च्या अखेरीस फेसबुकवर छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फिरली. चीड येणे स्वाभाविक होते, आणि ज्याने ती चित्रे केली त्याला शोधून शिक्षा करावी ही मागणीही योग्यच होती. परंतु घडले वेगळेच. पुण्यात बंद झाला, पीएमपीच्या बसगाड्या फोडल्या गेल्या. आणि २ जून २०१४ च्या रात्री हडपसरच्या उन्नतीनगर भागात मोहसीन शेख या तरुणाला जमावाने मारहाण केली. त्यात तो मरण पावला. मूळचा सोलापूरचा हा तरुण संगणक क्षेत्रातल्या नोकरीसाठी इथे राहत होता आणि त्या रात्री नमाज आटोपून घरी परतत होता. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

हा खटला जवळजवळ साडेआठ वर्षे चालला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने पुराव्याअभावी सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली. निकाल ऐकायला मोहसीनचे वडील हयात नव्हते. न्यायालय पुराव्यावर चालते आणि ते तसेच चालले पाहिजे, याविषयी माझी तक्रार नाही. मला प्रश्न पडतो तो आपल्याविषयी. चित्रे करणारा वेगळा, ती पसरवणारे वेगळे, काठ्या उचलणारे वेगळे, आणि मेला तो चौथाच. पहिला कोण आणि तिसरे कोण, हे शोधणे पोलिसांचे काम आहे. पण मधले जे दुसरे, ती चित्रे ‘बघा, बघा’ म्हणून हजारोंना पाठवणारे, त्यांचे काय? त्यांचे नाव कोणत्याही आरोपपत्रात नसते. ते गुन्हेगार नव्हते, आपल्यासारखेच होते. त्यातले कित्येक आजही याच सोलापूर रस्त्याने रोज कामाला जात असतील. चित्रे पाहून रागावलेला माणूस ती पुढे पाठवतो तेव्हा तो नेमके काय करतो? ज्या विटंबनेचा त्याला राग आला, तीच तो स्वतःच्या हाताने आणखी पन्नास घरांत पोहोचवतो. एवढा साधा विचार त्या दोन दिवसांत केला गेला असता, तर कदाचित हडपसरच्या नावावर ही घटना लागली नसती.

माझे आजोबा अंगठेबहाद्दर होते. १९७२ च्या दुष्काळात करमाळ्याकडे खडी फोडण्याच्या कामावर ते हजेरीपटावर अंगठा उमटवीत, आणि त्या अंगठ्यावर घरात धान्य येई. पुढे एका सावकाराच्या कागदावर त्यांनी अंगठा दिला. कागदात काय लिहिले होते ते त्यांना वाचता येत नव्हते. तरीही त्या अंगठ्यापायी दीड एकर जमीन गेली आणि आमचे घर हडपसरला आले. ‘मला वाचता येत नव्हते’ ही सबब कोणी ऐकून घेतली नाही. अंगठा दिला म्हणजे शब्द दिला, असा तो व्यवहार होता. त्या व्यवहारात अन्याय होता, हे खरेच. पण त्यांच्या नातवंडांचा व्यवहार पाहा. आम्हांला वाचता येते, दिवसातून शंभर वेळा आम्ही काचेवर अंगठा उमटवतो, आणि त्यातल्या एकाही अंगठ्याने आम्ही बांधले जात नाही. ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आता जिभेलाही श्रम पडत नाहीत.

कोणी म्हणेल, पूर्वीही अफवा होत्या, खोटी पत्रे होती; त्यात नवीन ते काय? अगदी बरोबर. ‘ध’ चा ‘मा’ केल्याची आख्यायिका याच पुण्यातली, १७७३ सालची. परंतु छापील मजकुराची जबाबदारी म्हणजे काय, याचा धडाही याच पुण्याने दिलेला आहे.

‘केसरी’ १८८१ च्या जानेवारीत सुरू झाला. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानचे दिवाण बर्वे हे महाराजांचा छळ करीत आहेत, अशा आरोपांचा मजकूर ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी छापला. त्यासाठी आधार होता तो काही पत्रांचा. ती पत्रे विश्वासाने हाती आली होती. हेतूही चांगला होता. पण पुढे ती बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात ते १०१ दिवस राहिले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तकच लिहिले.

तेव्हा दोघेही पंचविशीच्या आसपासचे होते. आमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी आलेला मजकूर पुढे पाठवला होता. ‘आम्हांला जसे आले तसे छापले’ असे म्हणून त्यांना सुटता आले नाही, कारण पत्रावर त्यांचे नाव होते. १८६७ च्या कायद्याने वर्तमानपत्राच्या प्रत्येक अंकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव छापणे बंधनकारक केले होते. इंग्रज सरकारने तो कायदा आपल्या सोयीसाठी केला, हे उघड आहे. तरी त्यातून एक गोष्ट आपल्या समाजाला कळली : जो छापतो त्याच्या दारावर त्याच्या नावाची पाटी हवी. हा कायदा २०२४ पर्यंत टिकला आणि त्याच्या जागी नवा आला. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर आजही ती बारीक अक्षरातली ओळ असते. आपल्या अंगठ्याखालून जाणाऱ्या मजकुरावर मात्र अशी कोणतीच ओळ नसते.

आता दुसऱ्या बाजूचा विचार करू. सगळा भार साध्या माणसावर टाकणे हा अन्याय नव्हे काय? आमच्या वर्गातले एक मित्र याच मुद्द्यावर माझ्याशी नेहमी वाद घालतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षा मागून पोट भरणारे. आठवडी बाजाराच्या दिवशी ते गावात आले होते. मुले पळवणारी टोळी फिरत आहे, असा मजकूर कित्येक दिवस मोबाईलवर फिरत होता. त्याने या पाचांचा बळी घेतला. या आणि देशातल्या अशाच इतर घटनांनंतर, त्याच महिन्यात, व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी फक्त पाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे एप्रिल २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी जाईल, असे केले. याचा अर्थ काय? मर्यादा घालता येत होती. ती आधी घातली नव्हती, एवढेच. तेव्हा यंत्र निरपराध असते, चाकूने भाजीही चिरता येते आणि गळाही, ही उपमा मला पटत नाही. चाकू स्वतःहून आपल्याला भांडणाकडे ओढून नेत नाही. मोबाईलवर ज्या मजकुरावर जास्त भांडण होते तोच अधिक लोकांपुढे आणला जातो, कारण भांडण पाहायला लोक थांबतात आणि थांबलेल्या लोकांना जाहिराती दाखवता येतात. यासाठी कंपन्यांना जाब विचारलाच पाहिजे, आणि तो एकेकट्या माणसाला विचारता येणार नाही. त्यासाठी कायदा हवा.

पण तोवर काय? राईनपाड्याच्या वेळची आमच्या घरातली एक गोष्ट सांगते. माझे वडील छोटा हत्ती चालवतात. पुरंदर आणि दौंडच्या गावांतून भाजीपाला भरून बाजारात आणतात. त्या दिवसांत टेम्पोवाल्यांच्या ग्रुपवर रोज मजकूर येई : अनोळखी गाडी दिसली तर अडवा, सोडू नका. वडिलांना तो पुढे पाठवावासा वाटला, कारण लहान मुलांचा प्रश्न होता. आईने मला तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगितला आणि ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “अहो, तुमी बी लोकांच्या गावात अनोळखीच हाय की.” वडील काही बोलले नाहीत. तो मजकूर आमच्या घरातून पुढे गेला नाही. माझ्या आईने शाळा चौथीत सोडली. कंपनीची मर्यादा यायच्या आधी तिने आपली मर्यादा घातली, आणि त्यासाठी तिला कायदाही लागला नाही की तंत्रज्ञानही. तिने फक्त एवढेच पाहिले की मजकुरातला तो ‘अनोळखी’ आपल्या घरचाही असू शकतो.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. जबाबदारी, जबाबदारी असे म्हणत आपण लोकांची तोंडे तर बंद करणार नाही ना? ही भीती खोटी नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या पसंत असल्याची खूण केली. दोघींनाही अटक झाली. ज्या ६६-अ कलमाखाली अशा अटका होत असत ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. तरी मे २०२५ मध्ये आपल्याच शहरात काय घडले ते सर्वांना आठवत असेल. अभियांत्रिकीच्या एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीने भारत-पाकिस्तान संघर्षाविषयीचा दुसऱ्या कोणाचा तरी मजकूर आपल्या खात्यावरून पुढे टाकला. दोन तासांत तो काढला आणि माफी मागितली. तरी तिला अटक झाली, महाविद्यालयाने नाव काढले आणि तिला येरवड्याच्या तुरुंगात राहावे लागले. शेवटी २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडसावून तिची सुटका केली आणि तिला परीक्षेला बसू दिले.

ती माझ्याच वयाची. तिचा मजकूर योग्य होता की अयोग्य, या वादात मी जात नाही. मला दिसते ते एवढेच की, आपली चूक दोन तासांत ओळखून ती मागे घेणे यालाच तर जबाबदारी म्हणतात. तिने ती घेतली, आणि आपण तिला काय दिले? जो चुकतो आणि मागे घेतो त्याला तुरुंग, आणि जो मागे घेत नाही त्याला टाळ्या, असा न्याय असेल तर उद्या कोणीही काहीही मागे घेणार नाही. म्हणून जबाबदारी आणि धाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धाकाने माणूस गप्प बसतो. जबाबदारीने तो नीट बोलतो. आगरकरांची त्यांच्या हयातीतच लोकांनी प्रेतयात्रा काढली, तरी त्यांनी ‘सुधारका’तले लिहिणे थांबवले नाही. डोंगरीतून बाहेर आल्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली असती तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. बेजबाबदार मजकुराला उत्तर मौन हे नव्हे, हेच त्यांच्यापासून शिकायचे.

राजकारणाविषयी थोडेच लिहिते, कारण त्याविषयी आपण सगळेच रोज जास्त बोलतो. सर्व पक्षांनी या कामासाठी माणसे नेमली आहेत. मजकूर तयार करणे हा त्यांचा धंदा आहे, आणि त्यांच्या हिशेबात आपण फुकटचे हमाल आहोत. हमालीला कमीपणा मानणारी मी नाही. आमच्या वस्तीतली निम्मी घरे हमालीवर उभी आहेत. पण बाजारातला हमालही पोत्यात काय आहे ते विचारतो आणि ओझ्याचा दर ठरवून घेतो. आपण दोन्ही करत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. पालखीच्या दिवसांत दोन्ही पालख्या हडपसरपर्यंत येतात. तिथून माउलींची सासवडकडे वळते आणि तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर, यवतकडे जाते. यवतला वारकऱ्यांना पिठले-भाकरीचा प्रसाद असतो. त्याच यवतला १ ऑगस्ट २०२५ रोजी समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दगडफेक आणि जाळपोळ झाली. पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. त्या संध्याकाळी आमच्या वर्गाच्या ग्रुपवर धडाधड चित्रे येऊ लागली. पेटलेली दुकाने, धूर, पळणारी माणसे. त्यावर वाद सुरू झाले. जे वर्गात एका बाकावर बसतात ते एकमेकांना देशाबाहेर काढू लागले. त्या भागातून रोज कॉलेजला येणारा एक मुलगा आमच्या वर्गात आहे. त्याने कोणाची बाजू घेतली नाही. त्याने एवढेच लिहिले, “हा चौक आमच्या गावातला नाही. हे दुकानही आमच्याकडचे नाही. माझी आई घरी एकटी आहे, कोणाला खरी बातमी माहीत असेल तर सांगा.” ग्रुप एकदम शांत झाला. चित्र टाकणाऱ्याने ते काढले नाही आणि कोणी माफीही मागितली नाही. सोमवारी सर्व जण एकमेकांशी नेहमीसारखे बोलले. मला राहून राहून वाटते की, समोरासमोर बसून त्यातले एकही वाक्य कोणी कोणाला बोलले नसते.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळ जण माझ्यासारखेच घरातले पहिले कॉलेजवाले आहेत. आपल्या घरात आणि वस्तीत काय होते ते आठवून पाहा. सरकारी कागद आला, बँकेची चिठ्ठी आली, दवाखान्याचा रिपोर्ट आला की तो आपल्याकडे येतो. “शिकलेली पोरगी आहे, तिला विचार.” मोबाईलवर काही आले तरी शेजारच्या काकू विचारतात, “हे खरं का गं?” म्हणजे आपल्या शब्दाला त्यांच्या लेखी शिक्क्याची किंमत आहे. आपण जे पुढे पाठवू ते ‘कॉलेजातल्या पोरीने पाठवले’ म्हणून खरे ठरते. ज्या शिक्षणासाठी आईवडिलांनी पोटाला चिमटा घेतला, त्या शिक्षणाचा शिक्का आपण एखाद्या अनोळखी माणसाच्या खोट्यावर मारणार काय? इतरांची जबाबदारी कमी असेल-नसेल. आपली जास्त आहे, हे मला निश्चित वाटते.

करायचे काय, याची माझी यादी छोटी आहे. मजकूर कोणाचा, केव्हाचा, आणि तो खोटा निघाला तर कोणाचे घर धोक्यात येईल, हे तीन प्रश्न. त्यांची उत्तरे मिळत नसतील तर मजकूर आपल्या दाराशीच थांबवावा. पाठवलाच आणि चुकीचा निघाला, तर ज्या ग्रुपवर पाठवला त्याच ग्रुपवर तसे लिहावे. आणि तसे लिहिणाऱ्याची इतरांनी टर उडवू नये. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही हा नियम ठरवला आहे. सगळे पाळतात असे नाही, पण आतापर्यंत दोघांनी चूक लिहून कबूल केली आणि कोणी हसले नाही. वाद घालायचेच असतील तर ते समोरासमोर घालायला जागा हवी. महिन्यातून एका शनिवारी सभागृहाची किल्ली, दोन सतरंज्या आणि अध्यक्षस्थानी एक प्राध्यापक, एवढे जिमखान्याने दिले तरी पुरेल. विषय आम्ही आणू. प्राध्यापकांनीही बोलावे, मोबाईलने पिढी बिघडवली, हे म्हणणेही तिथे येऊन मांडावे. आम्ही त्याला उत्तर देऊ.